डोळे मिटून वाचणाऱ्या बाई

पहिल्याच भेटीत बाईंनी मला नखं कापायला पाठवलं होतं. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो, सातपूरच्या एका कारखान्यात खरेदी विभागात बऱ्यापैकी जागेवर होतो, आणि त्यांच्याकडे जाणकार म्हणून गेलो होतो. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. हातांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "खाली उजव्या हाताला सलून आहे. नखं कापून या, मग बोलू."

मी मुकाट्याने जिना उतरलो. सलूनवाल्याने मला काही विचारलं नाही, नेलकटर पुढे केला. बाईंनी पाठवलेली माणसं त्याच्याकडे रोजच येत असावीत.

बाईंचा टायपिंगचा क्लास अशोकस्तंभाजवळ एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होता. माझी बायको लग्नाआधी तिथेच इंग्रजी टायपिंग शिकली होती. नुकतंच दोन हजार साल उलटलं होतं आणि मुली 'कॉम्प्युटर आहे का' असं विचारून जिन्यावरूनच परत जायला लागल्या होत्या. म्हणून बाईंनी चार जुने कॉम्प्युटर घेतले होते. ते लावून देणारं कोणी तरी हवं होतं, आणि बायकोने माझं नाव सुचवलं होतं. तिला तेव्हा माझा अभिमान वाटायचा.

तो तसा निराधारही नव्हता. मी तीन महिन्यांचा कोर्स केला होता. इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीत पहिला कॉम्प्युटर माझ्याकडे आला होता. माझ्याकडे सीड्यांचं एक काळं पाकीट होतं आणि त्यात मासिकांबरोबर फुकट आलेली नाना तऱ्हेची टूल्स होती. कॉम्प्युटरचा वेग वाढवणारं एक, इंटरनेटचा वेग वाढवणारं दुसरं, आणि या दोघांनी केलेला कचरा काढणारं तिसरं. व्हायरस मारणारी तीन होती आणि ती बहुतेक वेळ एकमेकांनाच व्हायरस समजत. डिस्क नीट लावून देणारंही एक टूल होतं. ते चालू केलं की पडद्यावर रंगीत चौकोन सरकायला लागत. संध्याकाळी चहाचा कप घेऊन मी ते बघत बसायचो आणि आपण काही तरी काम करतोय असं मला मनापासून वाटायचं.

सोसायटीत कोणाचा कॉम्प्युटर बिघडला की मला बोलावणं यायचं. मी पाकीट बगलेत मारून जायचो, खुर्चीवर बसून 'हं' म्हणायचो, आणि थोड्या वेळाने गंभीर चेहऱ्याने सांगायचो की फॉरमॅट करावा लागेल. सगळ्या रोगांवर माझं ते एकच औषध होतं. शेजारच्या काकूंच्या अमेरिकेतल्या नातवाचे वर्षभराचे फोटो त्यात गेले. मी त्यांना व्हायरस होता म्हणून सांगितलं. त्या भल्या बाईने मला वर चहा-पोहे केले.

तर नखं कापून मी परत गेलो आणि बाईंना पहिल्यांदा नीट पाहिलं. बारीक अंगाच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, कडक इस्त्रीची सुती साडी, मनगटावर घड्याळाची तबकडी आतल्या बाजूला आणि गळ्यात दोरीला अडकवलेलं स्टॉपवॉच. चारही कॉम्प्युटर मी तासाभरात लावून दिले. बाईंनी प्रत्येक कीबोर्डवरून बोटं फिरवून पाहिली. मग एका कळेवर बोट ठेवून विचारलं, "ही काय करते?"

मी म्हणालो, "बॅकस्पेस. चुकलं की मागचं अक्षर खोडते."

"काढून टाका."

मला वाटलं त्या गंमत करतायत. मी हसून सांगितलं की तसं करता येत नाही, ती कंपनीकडूनच आलेली असते. पुढच्या आठवड्यात मी प्रिंटर लावायला गेलो तर चारही कीबोर्डवरची ती कळ उपटलेली होती. तिथे चार चौकोनी खड्डे होते, आणि टेबलावरच्या एका पत्र्याच्या डबीत त्या चार कळा ठेवलेल्या होत्या. नेलकटरच्या कानशीने काढल्या, असं बाईंनी सांगितलं. माऊस त्यांनी कपाटात कुलूपबंद केले होते. हात कळांवरून उचलून उंदरामागे लावायला त्यांची हरकत होती. सगळी कामं त्या कळांवरूनच करायच्या. एका लांबट वहीत त्यांनी सगळं लिहून ठेवलं होतं: फाइल उघडायची तर कोणत्या दोन कळा, बंद करायची तर कोणत्या, त्यातली पहिली कोणत्या बोटाने दाबायची. मी माऊस सरकवत सरकवत जिथे पोचायचो तिथून त्या कधीच परत आलेल्या असत. मी मात्र घरी येऊन बायकोला सांगितलं की तुझ्या बाईंना कॉम्प्युटर कळलेलाच नाही.

बाई सगळ्यांना 'तुम्ही' म्हणत, सतरा वर्षांच्या मुलींनाही. नवीन मुलीच्या हातांवर त्या लाकडी खोकं ठेवायच्या, तळ नसलेलं, म्हणजे कळा दिसू नयेत. मग शेजारी उभ्या राहून एका लयीत टाळी वाजवायच्या. कोणी मान वाकडी करून खोक्याखाली डोकावलं की म्हणायच्या, "बघितलंत की चुकलात." हे वाक्य त्या वर्गात इतक्या वेळा ऐकू यायचं की खालच्या सलूनवाल्यालाही ते पाठ होतं.

बायको त्यांची एक गोष्ट सांगते. हरसूलकडची एक मुलगी नाशिकला वसतिगृहात राहून क्लासला यायची. दोन आठवडे झाले तरी तिची बोटं अडखळायची. एक दिवस रडायलाच लागली. म्हणाली, "बाई, मला नाय जमायचं हे. आमच्याकडं सांजचं लाईट बी नसतं, हितं न बघता टाईप करा म्हणता."

बाई तिला म्हणाल्या, "मग तुमचं तर सोपं आहे. अंधारात चूल पेटवता, भाकरी थापता. या सगळ्या उजेडात वाढलेल्या आहेत, त्यांना कठीण जाईल." ती मुलगी त्या वर्षी वर्गात पहिली आली आणि तालुक्याच्या कचेरीत लागली. बाई त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. त्या कौतुक करत नसत. फार खूश झाल्या तर "पुढचा धडा" एवढं म्हणत.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती सांगताना माझ्या बाजूने बोलायला फारशी जागा नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझे सासरे येवल्याचे. घराणं पैठणी विणणारं, पण ते स्वतः तहसील कचेरीत कारकून होते. मागावर त्यांचे थोरले भाऊ बसत. सासरे निवृत्त झाले, सासूबाई आधीच गेल्या होत्या, म्हणून हिवाळ्याचे चार महिने ते आमच्याकडे राहायचे. त्यांनी एक काम मनावर घेतलं होतं. थोरल्या भावाला जे जे ठाऊक होतं ते सगळं लिहून ठेवायचं: कुठल्या काठाला किती तारा, पदरावरचा मोर कुठून धरायचा, कोणता रंग कोणत्या रंगाशेजारी मरतो, कोणत्या घरात कोणती नक्षी चालत आली. ते येवल्याला जाऊन भावाजवळ बसायचे, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर लिहून आणायचे, आणि आमच्या कॉम्प्युटरवर ते टाइप करायचे. नोकरीत असताना त्यांनी मराठी टायपिंगची परीक्षा दिलेली होती. एका मित्राने त्यांना मराठी अक्षरांचा फॉन्ट फ्लॉपीवर आणून दिला होता. तो टाकला की कीबोर्ड जुन्या मराठी टाइपरायटरसारखा चालायचा. एकसष्ट पानं झाली.

शेवटचं पान झालं त्या दिवशी कॅलेंडरच्या कागदांचा गठ्ठा टेबलावर पडलेला होता. मी सासऱ्यांना म्हणालो, "आप्पा, हे आता कशाला जपायचं? सगळं कॉम्प्युटरमध्ये सुरक्षित आहे." ते गठ्ठ्याकडे बघत राहिले, मग बरं म्हणाले. रद्दीवाल्याला तो गठ्ठा मी स्वतः उचलून दिला.

त्याच उन्हाळ्यात थोरले भाऊ वारले.

पुढल्या वर्षी, त्यांच्या वर्षश्राद्धाला अठरा दिवस राहिले असताना, सासऱ्यांचा येवल्याहून फोन आला. पुतण्यांनी ठरवलं होतं की दादांनी, म्हणजे थोरल्या भावांनी, सांगितलेलं सगळं छापून त्या दिवशी घरच्यांना वाटायचं. ते मला म्हणाले, "जावईबापू, तेवढी पानं छापून घेऊन या." मी म्हणालो, आत्ता काढतो.

मधल्या काळात मी आमचा कॉम्प्युटर फॉरमॅट केला होता. माझ्याच टूल्सच्या ओझ्याने तो इतका मंद झाला होता की दुसरा इलाज नव्हता. पण काकूंच्या फोटोंपासून मी धडा घेतला होता. सगळ्या फाइलींच्या मी दोन सीड्या केल्या होत्या आणि त्यांच्यावर सुवाच्य अक्षरात नावंही घातली होती. फाइल होती. उघडली. एकसष्टच्या एकसष्ट पानं होती. आणि त्यात मराठीचं एक अक्षर नव्हतं. पडद्यावर इंग्रजी अक्षरांची रांग लागली होती, लहान, मोठी, मध्येच स्वल्पविराम, मध्येच कंस, कशाचा कशाला पत्ता नाही. आकडे तेवढे शाबूत होते. तारा किती ते कळत होतं, कशाच्या ते कळत नव्हतं.

फॉन्ट मी सीडीवर घेतलाच नव्हता. फॉन्ट ही फाइलच्या बाहेरची वस्तू आहे हे तीन महिन्यांच्या कोर्समध्ये बहुधा मी गैरहजर असलेल्या दिवशी शिकवलं असावं. फ्लॉपी सापडली, पण ती वाचलीच जाईना. ती देणारा मित्र मुलाकडे दूर कुठे राहायला गेला होता आणि त्याचा पत्ता फक्त सासऱ्यांकडे होता.

आठ दिवस मी इंटरनेटवरून मराठी फॉन्ट उतरवत होतो. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं, त्यामुळे घरचा फोन आठ दिवस बंदच होता म्हणा ना. अकरा फॉन्ट लावून पाहिले. एकाने चौकटी दाखवल्या, दुसऱ्याने फुलं-पानं, तिसऱ्याने चक्क मराठी अक्षरं दाखवली, पण ती अशी की वाचताना जिभेला मुरगळ पडावी. असलं मराठी वाचू शकेल असा एकच माणूस मला ठाऊक होता, आप्पा, आणि नेमकं त्यांच्यापासूनच हे लपवायचं होतं. बायकोला सांगावं लागलं. तिने मला त्या दिवशी जेवायला वाढलं, पण ताटाकडे बघून वाढलं.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "काही पानं छापून घ्या. बाईंकडे जाऊ."

"त्या काय करणार? त्यांनी बॅकस्पेस उपटलेत."

"नखं कापा आणि चला," ती म्हणाली.

दुपारची वेळ होती. वर्गात सहा-सात मुली टाइप करत होत्या. मी बाईंना फाइल, फॉन्ट, फॉरमॅट असं सगळं समजावून सांगायला लागलो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि पहिलं पान समोर धरलं. बराच वेळ पाहिलं. मग परत माझ्या हातात दिलं. "मला डोळ्यांनी हे काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणा. एकेक अक्षर. मोठं असेल तर मोठं म्हणा."

त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली, डोळे मिटले आणि दोन्ही हातांची बोटं टेबलाच्या लाकडावर ठेवली, समोर कळा असाव्यात तशी. मी वाचायला लागलो. "एन. के. एन. के."

चार बोटं लाकडावर आपटली. बाई म्हणाल्या, "दादा."

मला काही समजलं नाही. मी पुढची अक्षरं म्हणालो. त्यांची बोटं चालली, आणि डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "दादांनी. दादांनी सांगितलेलं. पुढे."

बायकोने माझा दंड धरला. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, तो तरी किती उशिरा. ती इंग्रजी अक्षरं म्हणजे सासऱ्यांनी दाबलेल्या कळा होत्या. फॉन्ट गेला होता, पण त्यांची बोटं जिथे जिथे पडली ते सगळं तसंच होतं. बाईंनी तीस वर्षं इंग्रजी आणि मराठी दोन्ही शिकवताना त्याच कळांवर मुलींची बोटं बसवली होती. एन म्हटलं की त्यांचं बोट आपोआप द वर जायचं आणि के म्हटलं की काना पडायचा. त्यांना ते वाचायचं नव्हतंच, पुन्हा टाइप करायचं होतं, आणि आपण काय टाइप केलं ते ऐकायचं होतं.

त्या दिवशी आम्ही बरंच चाळलं. नारळी काठ आला, असावलीची वेल आली, बांगडी-मोर आला. बाई सपाट आवाजात सांगायच्या, बायको लिहून घ्यायची. मला तर स्फुरणच चढलं होतं. आकाशवाणीवर बातम्या द्याव्यात तशा आवाजात मी अक्षरं म्हणत होतो. बाई म्हणाल्या की मधलं एखादं पान घ्या, जोडाक्षरं कशी केलीत ते बघू. मी एकतिसावं पान उचललं आणि एक परिच्छेद खणखणीत आवाजात म्हणून दाखवला. मध्ये एकदा बाईंची बोटं थांबली. मी विचारलं, चुकलं का काही? त्या म्हणाल्या, "नाही. पुढे म्हणा." मी पूर्णविरामापर्यंत म्हणालो.

वर्गातल्या यंत्रांचा आवाज बंद पडला होता. मुली आमच्याकडे बघत होत्या. इंग्रजी संपवून त्या आता मराठीच शिकत होत्या, आणि माझ्या आवाजामागे त्यांचीही बोटं चालली असावीत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

बायको म्हणाली, "बाई, काय आहे त्यात?"

बाईंनी डोळे उघडले आणि ऐकलं होतं तसं म्हणून दाखवलं. "आज दादांचे कागद रद्दीत गेले. जावईबापू म्हणाले, सुरक्षित आहे. माणूस सोन्यासारखा आहे, पण त्याच्या हाती यंत्र देऊ नये. मला नाही म्हणवलं नाही. त्याचं मन मोडलं असतं."

मी ते स्वतःच्या तोंडाने, एकेक अक्षर करून, सात मुलींना ऐकवलं होतं. कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. मला तो गठ्ठा दिसत होता, आणि त्याच्याकडे बघत बरं म्हणणारे आप्पा दिसत होते. शेवटच्या पानानंतर कधी तरी ते पुन्हा खुर्चीवर बसले असतील, आणि मला न दिसेल अशा जागी, एकसष्ट पानांच्या मध्यावर, त्यांनी ते घालून ठेवलं असेल.

बाई म्हणाल्या, "पान बत्तीस."

दहा दिवस उरले होते. सगळी एकसष्ट पानं अशी अक्षर-अक्षर म्हणून भागणार नव्हतं. त्यावर मात्र मला एक उपाय सुचला, आणि तो बरोबर होता हे मी नम्रपणे नोंदवतो, कारण असे प्रसंग थोडे आहेत. बाईंनी मला तक्ता सांगायचा, कोणत्या इंग्रजी अक्षराला कोणतं मराठी अक्षर, आणि मी कॉम्प्युटरकडून सगळ्या पानांत ते एकदम बदलून घ्यायचं. शोधा आणि बदला, हे टूल तर प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर असतंच. मी ते तोवर फक्त कारखान्याच्या पत्रांत 'प्रिय' च्या जागी 'माननीय' घालायला वापरलं होतं. नवीन कॉम्प्युटरांवर मराठीची अशी अक्षरंही यायला लागली होती की फॉन्ट बदलला तरी ती मराठीच राहत.

बाईंनी तक्ता तोंडी सांगितला. तोही डोळे मिटून, बोटं टेबलावर ठेवून, एका टोकाच्या कळेपासून दुसऱ्या टोकापर्यंत. शंभरावर ओळी झाल्या. मी घरी जाऊन एकेक बदल करत गेलो, आणि संध्याकाळी छापून विजयी मुद्रेने बाईंपुढे ठेवलं. त्यांनी पहिली ओळ वाचली आणि विचारलं, "पैइणी म्हणजे काय?"

सगळ्या पानांत तसंच होतं. काठाचा काइ झाला होता, गाठीची गाइ झाली होती, ओठाचा ओइ झाला होता. लहान बी म्हणजे इ आणि मोठा बी म्हणजे ठ, असं बाईंनी मला स्पष्ट सांगितलं होतं. पण लहान-मोठं अक्षर वेगळं माना, अशी एक खूण त्या टूलमध्ये करावी लागते, ती मी या बदलाच्या वेळी केलीच नव्हती. कॉम्प्युटरने दोघांनाही इ करून टाकलं होतं. आणि मी ते मूळ फाइलवरच केलं होतं. सीड्या दोन होत्या म्हणून बचावलो.

बाई म्हणाल्या, "शिफ्टची कळ करंगळीने दाबतात. करंगळीचं काम लोकांना कमी वाटतं."

पुन्हा पहिल्यापासून केलं. ऱ्हस्व वेलांटी टाइपरायटरवर अक्षराच्या आधी दाबतात, ती नव्या पद्धतीत नंतर यावी लागते. ते कॉम्प्युटरला पटवून देणं मला जमेना. मग बाईंनी स्वतः पानामागून पान घेऊन सगळ्या वेलांट्या हाताने सरकवल्या, बॅकस्पेस नसलेल्या कीबोर्डवर. क्लास सुटल्यावर बसायच्या. मी समोर बसून तपासत असे आणि त्या चुकण्याची वाट पाहत असे. त्या चुकल्या नाहीत.

एकतिसाव्या पानाचं काय करायचं हा प्रश्न शेवटी आलाच. मी सुचवलं की तो परिच्छेद विषयाला सोडून आहे. बायको म्हणाली, बाईंना विचारा. बाई म्हणाल्या, "मजकूर गाळणं टायपिस्टचं काम नाही." मी म्हणालो की मी टायपिस्ट नाही. त्या म्हणाल्या, "ते दिसलंच."

परिच्छेद राहिला. येवल्याला वर्षश्राद्धाच्या दिवशी चाळीस प्रती वाटल्या गेल्या. जेवणं झाल्यावर पुतण्यांनी दादांची आठवण म्हणून काही पानं मोठ्याने वाचायचं ठरवलं, आणि वाचणारा मोठा पुतण्या एकतिसाव्या पानापाशी येऊन थांबला आणि माझ्याकडे बघायला लागला. आप्पांनी त्याच्या हातून प्रत घेतली, वाचली, आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला. ते लिहिल्याचं त्यांना आठवतच नव्हतं. मी तिथेच, सगळ्यांसमोर, फॉरमॅटपासून पैइणीपर्यंत सगळं सांगून टाकलं. लपवण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

आप्पांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "काठाच्या तारांचे आकडे बरोबर आलेत ना?"

मी म्हणालो, आकड्यांना काही झालेलं नव्हतं.

"मग झालं तर," ते म्हणाले, आणि पुतण्याला पुढे वाच म्हणाले. परत निघताना मात्र एसटीपर्यंत सोडायला आले आणि खिडकीशी उभे राहून म्हणाले की त्या बाईंना एकदा येवल्याला घेऊन या, मागावर बसवून बघू. बाई आल्या नाहीत. क्लास बुडला असता.

तो तक्ता मी पुढे इंटरनेटवर ठेवला, जुन्या मराठी फाइली वाचवायचं फुकट टूल म्हणून. खाली माझं नाव घातलं. लासलगावहून, धुळ्याहून, अगदी परदेशातून लोकांची पत्रं आली. कोणाची पत्रिका वाचली होती, कोणाच्या वडिलांच्या कविता. मी सगळ्यांना दोन ओळींचं विनम्र उत्तर पाठवायचो. बायकोने एक दिवस बाईंना ते पान दाखवलं. बाईंनी तक्ता शेवटपर्यंत तपासला आणि ळ च्या ओळीत मी उतरवताना केलेली एक चूक काढली. नावाबद्दल काही बोलल्या नाहीत. मी घरी येऊन ळ दुरुस्त केला आणि माझं नाव काढलं. तिथे 'एका टायपिंगच्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे' असं लिहिलं. त्यांचं नाव घालू का असं विचारलं होतं, तर म्हणाल्या, नावाने टायपिंग येत नाही.

त्यानंतर मी बाईंच्या क्लासला नाव घातलं. हे वाक्य लिहायला सोपं आहे. मी अडतीस वर्षांचा होतो आणि माझ्या दोन्ही बाजूंना अठरा-अठरा वर्षांच्या मुली होत्या. पहिल्या दिवशी माझ्या हातांवर लाकडी खोकं आलं. मी खोक्याखाली डोकावण्याच्या अनेक युक्त्या शोधून काढल्या. चष्मा पुसण्याच्या निमित्ताने त्याच्या काचेत कळा बघणं ही त्यातली सर्वांत हुशार. बाईंनी तिसऱ्या दिवशी मला चष्म्याशिवाय बसवलं. मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा दिली आणि नापास झालो. निकालाची यादी बाईंनी फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहिली. पास झालेल्या अकरा मुली, त्याखाली एक रेघ आणि रेघेखाली मी. कारखान्यातला माझा एक सहकारी मुलीला सोडायला आला होता, त्याने ते वाचलं. आठवडाभर ऑफिसात सगळे मला 'रेघेखालचे साहेब' म्हणत होते.

दुसऱ्या वर्षी परत परीक्षेला बसलो. पण तोवर बाईंनी क्लास बंद केला होता. इमारत पाडायची ठरली होती, आणि त्यांच्या दम्यामुळे भाची त्यांना लासलगावला घेऊन गेली होती. यंत्रं कोणाकोणाकडे गेली ते मला माहीत नाही. मी घरीच सराव केला, हातांवर वर्तमानपत्र पसरून. बायको टाळी वाजवायची. तिला त्यात वाजवीपेक्षा जास्त आनंद मिळायचा.

निकाल लागला त्या दिवशी मी लासलगावला फोन केला. भाचीने घेतला, मग बाई आल्या. आवाज बारीक झाला होता. मागे कांद्याचे ट्रॅक्टर जात असावेत, मधूनमधून काहीच ऐकू येत नव्हतं. मी सांगितलं की पास झालो.

"चुका किती?" त्यांनी विचारलं.

"सात."

"कोणत्या बोटाच्या?"

मी त्या सातही चुका पाहून ठेवल्या होत्या, कारण त्या हे विचारणार हे मला ठाऊक होतं. मी सांगितलं की पाच एकाच बोटाच्या आहेत, डाव्या हाताच्या अनामिकेच्या. ती काही केल्या वळतच नाही, मी म्हणालो, माझ्या हातातच काही तरी दोष असावा.

पलीकडे आणखी एक ट्रॅक्टर गेला. मग बाई म्हणाल्या, "माझंही तेच कच्चं होतं. शेवटपर्यंत."

मी माझ्या त्या बोटाकडे पाहिलं.

"मुलींना कधी कळू दिलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हीही सांगू नका."